काळी आणि पांढरी : औसा तालुक्यातल्या एका गढीवर चार दिवस

पहिला दिवस

मामांचा फोन वेळअमावस्येच्या आठवडाभर आधी आला. "गढीची माती द्यायची ठरलीय. एकदा डोळ्याखालून घालून जा." त्यापुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

गढीची माती 'देणं' म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्याला सांगावं लागतं. गढी म्हणजे मातीच्या बुरुजांचा जुना देशमुखी वाडा. जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेणमूत, चुलीचा केर मुरलेला असतो. काळ्या रानात ती ट्रॉलीभर पसरली की पीक उचल खातं. म्हणून शेतकरी ती खतासारखी नेतात. आमच्या भागात तोफेनं पाडलेली गढी मला कुणी दाखवली नाही, ट्रॅक्टरनं नेलेल्या मात्र चार-पाच पाहिल्यात. आधी एका बुरुजाला खांडवा पडतो, मग तिथून वाट होते, आणि पाच-सात वर्षांत नुसतं टेकाड उरतं.

लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो लेझर मीटर, टेप आणि मोठा कागदाचा रोल घेऊन निघाला. "पडायच्या आधी निदान नकाशा तरी काढू," म्हणाला. वेरूळला मालोजीराजांच्या गढीचे अवशेष त्यानं पाहिले होते. भोसल्यांकडे तिथली पाटीलकी होती. पण तिथं जोती आणि भिंतींचे बुंधेच उरलेत. अंगावर अजून छप्पर असलेली गढी त्यानं कधी पाहिली नव्हती.

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालो. बीडपर्यंतच्या रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. बीड ओलांडल्यावर मांजरसुंब्याच्या बाजूला खजाना विहीर आहे, तिथं मात्र थांबलो. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधली. वरून पाहिलं तर जमिनीच्या पातळीला एक मोठा गोल खड्डा, आत ओटा. गंमत आहे ती पोटात. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर पडतं आणि उतारानं थेट बलगुजारच्या रानात जातं. ना मोट, ना बैल. लेक तिथंच बसून उताराचा हिशेब करू लागला. मी त्याला म्हटलं, जहागीरदारानं पाण्यावर खर्च केला तो पुण्यासाठी असेल, पण भिजलेल्या जमिनीचा सारा कोरड्यापेक्षा जास्त येतो हेही त्याला कळत असणार. पुढे गढीवर हीच गोष्ट दगडामातीत बघायला मिळणार होती.

केजमार्गे अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन, एक चहा, आणि रेणापूर-लातूर करत औशाकडे. गावात पोचेतो दिवे लागले होते. मामी ढाळजेत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या ओट्यांपाशी, उभ्याच होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि लेकाला म्हणाल्या, "किती वाळलास रे लेकरा."

दुसरा दिवस

सकाळी बाहेरून फेरी मारली. गढी गावाच्या सगळ्यात उंच जागी. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यातला नैऋत्येचा १९९३ च्या भूकंपापासून चिरलेला. खालचे सात-आठ थर घडीव काळ्या दगडाचे, वर सगळी पांढरी माती. भिंत पायाशी जाड आणि वर जाताना आत झुकत गेलेली. ही माती दगडासारखी होते कशी, हा लेकाचा पहिला प्रश्न. चिखल मळायचा, त्यात भुसा-बगॅस घालून सडवायचा, हात-हात उंचीचा थर द्यायचा, तो सुकला की पुढचा. घाई केली की भिंत बसते. जंग्या, म्हणजे बंदुका रोखायच्या भिंतीतल्या फटी, अजून शाबूत आहेत आणि त्यांच्यात पोपटांची बिऱ्हाडं आहेत.

काळी आणि पांढरी हे दोन शब्द आमच्याकडे नुसते मातीच्या रंगाचे नाहीत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पावसात फुगते, उन्हात हात-हात भेगाळते. तिच्यावर घर टिकत नाही आणि तिच्यात धान्य पुरून ठेवलं तर कुजतं. पांढरी फुगत नाही, पाणी झिरपू देत नाही. म्हणून गाव पांढरीवर, धान्य पांढरीच्या पोटात आणि पीक काळीत.

दरवाजा पूर्वेला. फळ्या सागाच्या, त्यावर बोटाएवढे लोखंडी खिळे, आणि मोठ्या दारात एक छोटा दिंडी दरवाजा, तिथून वाकूनच आत यावं लागतं. आतून अडसर. हा अडसर म्हणजे बैलगाडीच्या दांडीएवढं लाकूड, जे दिवसा भिंतीच्या भोकात सरकवलेलं असतं आणि रात्री ओढून समोरच्या खोबणीत घालतात. लेकानं तो ओढून पाहिला. हात-दीड हात आला, मग अडकला. आत घुशीनं माती काढलीय.

दरवाजाच्या आत ढाळज. दोन्हीकडे ओटे. लहानपणी मला वाटायचं ते पाहुण्यांना बसायला. मामांनी सांगितलं, तिथं धान्य मोजायचे. गाडी इथपर्यंत यायची, पुढं नाही. एका ओट्यावर मापाडी, समोरच्यावर हिशेब लिहिणारा. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन… ज्याचं धान्य जातंय तोही समोर उभा राहून लाभ ऐकायचा. कुणाचा लाभ, हे तोंडावर विचारायची सोय नव्हती.

मग चौक. सात खणी ओसरी, तिन्ही बाजूंना सोपे, पश्चिमेला माजघर, देवघर. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि आमच्याकडे घराचं माप फुटात नाही, खणात सांगतात. खांब सागाचे, पायाला दगडी उथळी. उथळ्यामुळं लाकूड जमिनीला टेकत नाही, वाळवी चढायची तर दगडावरून उघड्यानं चढावी लागते आणि दिसते. खांबावर कोरीव हस्त, म्हणजे आधाराचा लाकडी तुकडा, त्यावर तुळई. दुपारपर्यंत लेकाचा नकाशा जुळेना. चौकाच्या समोरासमोरच्या बाजूंत नऊ इंचांचा फरक. तीनदा मोजलं, लेझरवर अविश्वास दाखवून टेपनं मोजलं. शेवटी मामा म्हणाले, "अरे, वाडाच वाकडा हाय. सुताराला जेवढा साग मिळाला तेवढा खण झाला."

ह्या लाकडी वाड्याची गोष्ट भिंतींपेक्षा नवी आहे. भिंती देशमुखीच्या काळातल्या. देशमुख परगण्याचा वतनदार, सारा गोळा करून वर भरायचा, त्यात त्याचा हक्क. देशपांडे हिशेब ठेवायचा. चोर, पेंढारी आणि शेजारचा देशमुख, तिघांपासून गोळा केलेलं धान्य राखायचं तर बुरूज हवेत. पुढे हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग यानं १८६० च्या दशकात जिल्हे पाडले, पगारी तालुकदार-तहसीलदार नेमले आणि सारावसुली मक्त्यानं देण्याची पद्धत मोडली. देशमुखांच्या हातात वसुली राहिली नाही, बदल्यात रुसूम, म्हणजे ठरावीक रोख रक्कम, मिळू लागला. आमच्या पूर्वजांनी मग सावकारी धरली आणि जमिनी वाढवल्या. चौकातला कोरीव साग त्या पैशाचा. घरात ही गोष्ट कधी अशी सांगितली गेली नाही. मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या गहाणखतांवरून मी ती लावलीय, आणि मामांनी ती खोडून काढली नाही.

ट्रंकेत मोडीतले कागद आहेत, उर्दूतले आहेत, हाली सिक्क्याच्या, म्हणजे निजामाच्या चलनातल्या, पावत्या आहेत. सगळ्यावर फसली, म्हणजे महसुली, साल. लेकाला त्यात ५९० मिळवायचं सूत्र सांगितल्यावर तो भराभर इसवी सन काढू लागला.

दुपारी चारला तात्या आले. तात्या ह्या घरचे सालगडी होते, त्यांचे वडीलही. साल गुढीपाडव्याला ठरायचं आणि पाडव्याला सुटायचं. आता ते कुणाचे सालगडी नाहीत. त्यांनी आम्हाला माळवदावर नेलं. जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला, एका वेळी एकच माणूस जाईल असा.

वर गेल्यावर गढीचं खरं काम कळतं. माळवद सपाट, आणि त्यात जागोजागी दगडी झाकणं. काही सवणं आहेत, त्यातून खाली उजेड पडतो आणि धूर वर येतो. काही मात्र बळदाची तोंडं. बळद म्हणजे भिंतीच्या पोटात किंवा दोन भिंतींच्या मधे केलेली धान्याची कोठी. पोती जिन्यानं वर आणायची, झाकण काढायचं, धान्य आत ओतायचं. खाली माजघरात जमिनीपासून वीतभर वर एक भोक, त्याला लाकडी गुडदी. लागेल तेवढं तिथून काढायचं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती जाड भिंत दिसते.

आम्ही खाली आल्यावर तात्यांनी एका बळदाची गुडदी हलवून हलवून काढली. वाटलं, रिकामं असेल. आधी बारीक धूळ आली, मग मूठभर ज्वारी. पोचट, किड्यांनी आतून खाल्लेली, फुंकर मारली तर उडेल अशी. मामींनी ती ताटलीत घेतली, बोटानं पसरली आणि म्हणाल्या, "ही दगडी हाय. ही जुनी जात आता पेरत न्हाईत." त्यांनी ती देवघरात नेऊन ठेवली.

माळवद कसं असतं हे तात्यांनी सांगितलं, कारण ते दरसाल त्यांच्याच घरानं केलं. तुळयांवर लग म्हणजे आडवी लाकडं, लगांवर किलचन म्हणजे बारीक लाकडं, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, पन्हळीकडे उतार देऊन. मृगाच्या आधी दरवर्षी नवा हात. जुना थर कुणी काढत नाही, त्यावरच नवा चढतो. एका कोपऱ्यात खचलं होतं तिथं लेकानं जाडी मोजली, पावणेदोन फूट भरली.

"ही माती कुणी वर नेली?" मी विचारलं.

"आमच्या आज्जीनं, आणिक कुणी?" तात्या म्हणाले. "वेठीवर. दिवसभर पाटी, सांच्याला एक भाकर. तिच्या डोस्क्याचा टाळूच चप्पट झालता, अक्का. आमी लेकरं हात लावून बघायचो."

मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. पान लावत राहिले.

संध्याकाळी परसातलं पेव, म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी, दाखवलं. वरून दीड हात रुंदीचं तोंड, आत सुरईसारखं फुगत गेलेलं. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगडी झाकण, वरून माती लिंपायची. पुढं दोन-चार साल दुष्काळ पडला तरी खालची ज्वारी खाण्याजोगी. फक्त तिला आंबूस वास लागतो, तो भाकरीतही जात नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. आम्ही मोबाइलचा टॉर्च मारला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक चेंडू.

रात्री लेकानं दिवसभराचं काम मांडलं. तीन बुरूज, दरवाजा, वाडा झाला. ईशान्येचा बुरूज राहिला. उद्या वेळअमावस्या, परवा करू म्हणाला.

तिसरा दिवस

येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येला, लातूर-धाराशिवकडे गावात माणूस सापडत नाही. औशाचा बाजार बंद, गल्ल्या ओस, सगळं गाव रानात. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी पोटरीत, हरभरा घाट्यावर. मामी पहाटे तीनपासून चुलीपुढं. भज्जी आदल्या रात्रीच निवडून ठेवलेली: वाटाणा, तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चुका, असं सगळं बेसनात शिजवलेलं. जोडीला बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर आणि मडकंभर आंबिल. मडक्याला घोंगडं बांधून मामांनी ते स्वतः मांडीवर घेऊन गाडीत धरलं.

मामांचं रान आता सत्तावीस एकर. आजोबांच्या वेळचा आकडा घरात कुणी उच्चारत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. संरक्षित कुळांना ३८-ई कलमाखाली जमिनी मिळाल्या. मग १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आणि १९७५ पासून कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा. उरलेलं तीन भावांत वाटलं गेलं. १९५४ च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, आमच्या शिवारातल्या एका चार एकरांच्या तुकड्यासमोर तात्यांच्या वडिलांचं नाव आहे. तो तुकडा मामांच्या बांधाला लागूनच.

धान्य येणं थांबलं, तिथं गढीचं कामच संपलं. माळवदाला दरसाल माती चढवायला माणसं नाहीत, त्यांना द्यायला ज्वारी नाही. कोठ्या, बुरूज, ढाळज हे सगळं भरायला शे-दीडशे खंडीचं पीक लागायचं. सत्तावीस एकरांचं सोयाबीन मळणीयंत्रातून थेट टेम्पोत आणि टेम्पोतून लातूरच्या अडतीवर जातं. ते बळदात घालून करायचं काय?

विहीर पाहून लेक हरखला. चार मोटांची, तळापर्यंत घडीव दगडाची, उतरायला पायऱ्या आणि अर्ध्यात एक कमान. काठावर चारही बाजूंना धावेचा उतार अजून कळतो, बैल मोट ओढत उताराला जायचे तो. मोटेचं तोंड नाड्याच्या दोराला, सोंड सोंदुराच्या दोराला, पाणी थारोळ्यात म्हणजे काठच्या दगडी हौदात, थारोळ्यातून पाटानं उसाला. नाड्यानं दगडाला पडलेले घळ बोट बसेल एवढे खोल आहेत. आता थारोळ्यात ठिबकची फिल्टर टाकी आहे. विहिरीत बोअर मारलेली, बोअरमध्ये मोटर.

कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आदल्या दिवशीच उभी केलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा झाली, मग मामा पुढं, मागं सगळे, कोपीभोवती आंबिल शिंपडत "ओलगे ओलगे, सालम पोलगे". लेकानं अर्थ विचारला. आमच्याकडे अर्थ कुणी विचारत नाही. कर्नाटकाकडून आलेलं असावं. नंतर जेवण, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. आंबिलाचे दोन तांबे झाल्यावर माणूस ज्वारीत जिथं पडेल तिथं झोपतो. मामाही झोपले.

तात्यांची कोप बांधापलीकडे. आधी त्यांच्याकडची माणसं आमच्याकडे जेवायला आली, मग आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांची भज्जी मामींच्या भज्जीपेक्षा चांगली होती. हे मी मामींना सांगितलेलं नाही.

तिथंच कळलं की गढीची पहिली ट्रॉली तात्याच नेणार आहेत. रान चार एकर, पण खडकाळ, माती पातळ. "पांढरी पडली तर हरभरा छातीला लागंल," ते म्हणाले. मी किती पैसे ठरले ते विचारलं. ते हसले. "मामास्नी इचारा."

सांजेला पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरं गव्हातून पळाली. परतताना मामांना विचारलंच. ते बराच वेळ बोलले नाहीत. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "तिच्या आज्जीची… त्याच्या आज्जीची माती हाय ती. तिचे पैसे घ्यायचे?"

चौथा दिवस

परतीच्या आधी किल्लारी पाहून यायचं लेकानं ठरवलं होतं. बुरूज दुपारी मोजू म्हणाला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. मी तेव्हा संभाजीनगरला होते, पलंग हलल्यानं जागी झाले. इकडे हजारो माणसं झोपेतच गेली. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग. नवं किल्लारी सरळ रस्त्यांचं, एका मापाच्या घरांचं. अशी बावन्न गावं नव्या जागी वसवली.

लेक ढिगाशी बसून दगड चाळत होता. वाड्यावर जे दोन दिवस शिकला ते इथं त्याला उलटं दिसलं. दोन बाजूंनी दगड रचायचे, मधे चिखल-चिपा भरायच्या, आरपार जाणारा दगड घालायचा नाही. अशी भिंत हलली की तिच्या दोन पापुद्र्या होतात. आणि वर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेलं फूट-दीड फुटाचं माळवद. जिथं खणाची लाकडी चौकट छताला धरून होती, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी वरच राहिलं. आमचा वाडा त्यामुळे वाचला, मामा त्या रात्री ओसरीवर होते. ज्यांना साग परवडला नव्हता, त्यांचं माळवद नुसत्या भिंतींवर होतं.

लेकानं बॅगेतून वही काढली, पावणेदोन फुटांचा आकडा लिहिला होता त्याखाली दोन रेघा मारल्या. वाटेत फारसा बोलला नाही.

दीडच्या सुमाराला गावात शिरलो तेव्हा गढीवर धुरळा दिसला. ट्रॅक्टर ईशान्येला लावलेला. तिकडून रस्ता सोपा, बोळ रुंद, ट्रॉली वळते. बुरुजाची वरची अर्धी माती गेली होती, आणि आत मधोमध कुणालाच ठाऊक नसलेलं एक बुजलेलं पेव उघडं पडलं होतं, उभं चिरल्यासारखं, कडेचा भुसा काळा पडलेला. तात्या कडेला उभे राहून पोरांना आत हात घालू देत नव्हते. मामा ढाळजेतल्या ओट्यावर वही घेऊन बसलेले. मी वाकून पाहिलं. पहिल्या ओळीला त्यांनी 'लाभ' लिहिलं होतं, खाली दोन, तीन, चार. रकमेचा रकाना आखलेला नव्हता.

लेकानं उरलेला बुंधा मोजला, चिरलेल्या पेवाची खोली घेतली, फोटो काढले. मामींनी दशम्या बांधून दिल्या आणि ताटलीतल्या दगडी ज्वारीतले चार दाणे कागदाच्या पुडीत माझ्या पर्समध्ये टाकले. ते उगवणार नाहीत हे त्यांनाही माहीत आहे.

रात्री रेणापूरच्या पुढे गाडीत त्यानं मांडीवर नकाशा उलगडला. तीन बुरूज पक्क्या रेषेत होते. चौथा त्यानं तुटक रेषेनं काढला आणि मधे पेवाचा गोल.